बटाट्यापासून सुरुवात करा

अलिबागजवळ, चौल-रेवदंड्याकडे ज्येष्ठांसाठी मराठीच्या इतिहासाचा वर्ग घ्यायचा असेल, तर पहिल्याच दिवशी फळ्यावर संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश असा वंशवृक्ष काढू नका. मी काढला होता. बावीस जण आले होते. पुढच्या गुरुवारी नऊ.

मग मी पिशवीतून बटाटा, पाव, चावी, बिजागरी आणि घरातलं घमेलं नेलं. टेबलावर मांडून विचारलं, यातलं आपलं काय? बटाटा सोडून सगळं आपलंच, असं ठरलं. चावी कुलपाला चावते म्हणून चावी, हे तर एका काकांनी पैजेवर सांगितलं. पाचही शब्द पोर्तुगीजांचे. 1740 मध्ये मराठ्यांनी त्यांना इथून घालवलं, घमेलं मात्र अजून गवंड्याच्या डोक्यावर आहे.

असे चावीवाले काका प्रत्येक वर्गात असतात. त्यांना खोडू नका. फळ्यावर दोन रकाने आखा, ‘नक्की’ आणि ‘वाटतं’. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बऱ्याच शब्दांपुढे उगमाची खूण असते. ती त्यांनाच शोधायला लावा. भिंग जवळ ठेवा.

जो गप्प बसतो त्याच्या धंद्यातले शब्द विचारा. आमच्यातले एक निवृत्त तलाठी महिनाभर बोलले नव्हते. जमीन, वसूल, तहसील, दस्त हे फार्सी-अरबीतून आले म्हटल्यावर त्यांनी घरून वहीभर यादी आणली. फडणीस म्हणजे मुळात फर्दनवीस, फर्द म्हणजे यादी लिहिणारा, हे त्यांनीच सगळ्यांना समजावलं. मी मागच्या बाकावर.

कोळीवाड्यातल्या एक मावशी ‘पानी’ म्हणून चटकन ‘पाणी’ म्हणायच्या. शाळेत छडी खाल्लेली. अशा वेळी ‘शुद्ध’ हा शब्द वर्गाबाहेर ठेवा आणि त्यांच्याकडून माशांची नावं लिहून घ्या.

वेळ चारची बरी, जेवणानंतरची झोप झालेली असते. पाऊण तासाने चहा. प्रश्न कुणीही विचारला तरी मोठ्याने पुन्हा म्हणा, मागे ऐकू येत नाही.

जवळच्या आक्षी गावातला जुना मराठी शिलालेख दाखवायला न्याच. वर चंद्र-सूर्य, खाली झिजलेली अक्षरं. जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावर शके 934, म्हणजे 1012 साल वाचलं. काही अभ्यासकांना तो काळ पटत नाही. दोन्ही बाजू सांगा. आमच्याकडे त्यावरून परतीच्या टमटममध्ये वाटभर भांडण झालं. तिथे जायचं ते सकाळी नऊच्या आत: तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात आणि गुडघेही कुरकुरत नाहीत.

कोर्लई शेवटी ठेवा. कुंडलिका नदीच्या पलीकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरांतून अजून पोर्तुगीजातून निघालेली बोली बोलतात. आधी ओळख काढून, विचारून जा. मोबाइलवर आवाज घ्यायची घाई नको. आमच्या मावशींनी तिथे पहिला प्रश्न विचारला तो बोंबलाचा, आणि मग तासभर माझी गरजच लागली नाही.