बिनशब्दांची भूमिका कशी बसवावी

चरित्र भूमिका करायच्या असतील तर आधी मूकपट बघा, असं मी तालमीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, आधी उपाहारगृहात स्वयंपाकी होते. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. आवाज नाही, म्हणजे फरक दाखवायचा तो खांद्यातून, मानेतून, पावलातून. केवढं मोठं काम!

सुरुवात चपलेपासून करा. म्हातारा म्हटलं की सगळे कंबरेत वाकतात, तिथेच चुकतात. एक नंबर मोठी, झिजलेली चप्पल घाला. निसटू नये म्हणून अंगठा आवळावा लागतो, पाऊल घासत पडतं, गुडघा आपोआप जरा वाकतो. आठ दिवस तालीम त्याच चपलेत.

मग पत्राचा प्रसंग घ्या. चष्मा सोग्याने पुसा, कागद लांब धरा, वाचा. रडू नका. जुन्या घडीवरच पुन्हा घडी घाला आणि ती अंगठ्याने सावकाश दाबत न्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहित्य संघाच्या नाट्यगृहात मी हे केलं तेव्हा मागच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबलं होतं.

नकली दाढीसाठी चेहऱ्याला स्पिरिट गम, म्हणजे केस चिकटवायचा डिंक, लावलात की बोटाला तार धरेपर्यंत थांबा. क्रेप, म्हणजे दाढीचे नकली केस, हनुवटीखालून वर लावत जा, मिशी शेवटी.