आईसाठी ब्युरोतून बाई ठेवताना

आईला डाव्या बाजूचा पॅरालिसिस झाला तेव्हा आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. डिस्चार्जच्या दिवशी अँब्युलन्स खाली उभी, आई स्ट्रेचरवर, आणि मी पार्किंगमध्ये उभा राहून ब्युरोवाल्यांना (घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणारे) फोन लावतोय, जो पहिला हो म्हणाला त्याला डिपॉझिट देऊन मोकळा. पुण्यात गल्लोगल्ली ब्युरो आहेत त्यामुळे माणूस मिळतं हो, पण धड मिळतं असं नाही. म्हणून डॉक्टरांनी डिस्चार्जचा विषय काढला की त्याच दिवशी शोधाशोध सुरू करा.

आधी ठरवा की हवंय काय. ब्युरोवाले सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतात, पण सिस्टर आणि आयामावशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा 3 वर्षांचा कोर्स, एएनएम म्हणजे 2 वर्षांचा, आणि नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असावं लागतं, त्याची कॉपी मागा, खऱ्या सिस्टरला राग येत नाही. नाकातली नळी, सक्शन (मशीनने कफ ओढून काढणं), इंजेक्शन, मोठं ड्रेसिंग असेल तर नर्सच घ्या. अंघोळ, डायपर, भरवणं, धरून चालवणं एवढंच असेल तर अनुभवी मावशी पुरते, उगाच नर्सचे पैसे भरू नका. पेशंट पुरुष आणि अंगाने भारी असेल तर ब्रदर, म्हणजे पुरुष कर्मचारी, मागा, बाईमाणसाच्या पाठीची वाट लावू नका.

मग एका कागदावर पेशंटचा दिवस लिहून काढा, सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत. हा कागद फार कामाचा आहे कारण ब्युरोच्या भाषेत 'पेशंटचं काम' वेगळं आणि 'वरकाम' वेगळं. आईचे कपडे मावशी धुणार का, तिची ताटवाटी घासणार का, खिमट करून देणार का, हे आधी बोलून घ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी मोरीत वाद. आमच्याकडे झालाय, एका पातेल्यावरून.

फोनवर दर तर सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा की बाई सुट्टीवर गेली तर बदली कोण, किती तासांत, आणि ती आली नाही तर त्या दिवसाचे पैसे कापणार का. आम्हाला "24 तासांत बदली, गॅरंटी" असं छातीठोक सांगितलेलं आणि गौरी-गणपतीत मावशी गावाला गेली तर तीन दिवस ब्युरोचा फोन बंद, मी आणि बायको आलटून पालटून रजेवर. त्यामुळे आता जे असेल ते लेखी, निदान व्हॉट्सॅपवर तरी. दुसरं म्हणजे आपण देतो त्यातले बाईच्या हातात किती पडतात ते विचारा. ब्युरोचं कमिशन जास्त असेल तर ती दुसरं काम शोधतच असते, आणि तिचं काही चुकत नाही. आधार कार्डाची कॉपी, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन हे सगळ्यांचंच करायचं, संशय म्हणून नाही. दागिने मात्र पहिल्या दिवसाच्या आधीच हलवा, म्हणजे नंतर कोणावर आळ घ्यायची वेळच येत नाही.

ट्रायलचे दोन-तीन दिवस मागून घ्या आणि तेव्हा घरी थांबा. मी काय बघतो सांगतो. गाऊन घालताना लुळा हात आधी बाहीत घालते का? आणि काढताना तो शेवटी? जिने हे काम खरंच केलंय तिला हे सांगावं लागत नाही, आमची पहिली बाई चांगला हात आधी घालून मग लुळा हात ओढत बसायची आणि आई कळवळायची. उठवताना कुशीवर वळवून, पाय खाली सोडून मिनिटभर बसवते की एकदम उभं करते? इन्सुलिन देणार असेल तर सिरिंज आणि बाटली तिच्यासमोर ठेवून विचारा. लाल टोपणाची सिरिंज 40 वाली, केशरी टोपणाची 100 वाली, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची. 100 ची बाटली आणि 40 ची सिरिंज अशी गल्लत झाली तर डोस अडीचपट जातो, त्यामुळे इथे "चालतंय हो" नको.

आणि ती बोलते कोणाशी ते बघा. आत्ताच्या मावशी "आज्जी, आता कुशीवर वळू हं" असं आईला सांगून मग हात लावतात. पहिलीबद्दल आईचं म्हणणं होतं, "ती माझ्याशी बोलत नाही, मोबाईलशी बोलते." आम्ही ते आठवडाभर कानाआड केलं, तिथेच चुकलो.

24 तासांची बाई म्हणजे 24 तास जागी असणारी बाई नाही हेही घरातल्यांना सांगून ठेवा (आमचा दादा अमेरिकेतून कॅमेऱ्यात बघून "दुपारी झोपली होती" म्हणून फोन करायचा). तिला झोपायला धड जागा, दुपारी दोन तास सुट्टी, चहा-नाश्ता-जेवण आपलं. पेशंट रात्रभर जागत असेल तर दिवसपाळी-रात्रपाळी अशा दोघीच लागतात.

ठेवल्यावरही लक्ष हवंच. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायला लागते, मी रविवारी स्वतः आईची टाच आणि माकडहाड बघतो, लालसर दिसलं की सोमवारी डॉक्टर. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मीच भरतो. कुठे हात उचलण्याचा वगैरे संशय आला तर एल्डर लाइन आहे, 14567, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन.

आमच्याकडे कालनिर्णयवर दुधाच्या शेजारीच मावशींचे खाडे मांडलेले असतात, महिन्याच्या शेवटी त्या आणि मी दोघं मिळून मोजतो आणि पैसे त्याच दिवशी.