सिंगापूरला क्रूझनंतर एक-दोन रात्री राहताय? हॉटेल निवडताना या चुका टाळा

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ साधारणपणे सकाळी परत येतात. नाश्ता, रांगा, इमिग्रेशन सगळं उरकून माणसं नऊ-दहाच्या सुमारास टर्मिनलबाहेर येतात. हॉटेलची खोली मात्र दुपारी दोन किंवा तीनला ताब्यात मिळते. शेवटच्या दिवशी नेमकं उलटं: खोली अकरा-बाराला सोडायची आणि विमान रात्री. छोट्या मुक्कामातला बहुतेक गोंधळ या दोन टोकांना होतो. पण बुकिंग करताना आपण बघतो ते स्विमिंग पूल, तारे आणि खिडकीतून मरिना बे दिसतंय की नाही ते.

माझं मत सरळ आहे. दोनच रात्री असतील तर हॉटेल आलिशान नसलं तरी चालतं, पण बॅगांसकट तिथे पोचणं आणि तिथून विमानतळ गाठणं सोपं हवं. बाकी सगळं त्यानंतर.

जहाज कुठे लागणार हे न बघताच हॉटेल ठरवणं

सिंगापुरात क्रूझची टर्मिनल्स दोन आहेत आणि ती एकमेकांच्या शेजारी नाहीत. एक हार्बरफ्रंटला, विवोसिटी मॉलला लागून. दुसरं मरिना बे क्रूझ सेंटर, २०१२ मध्ये सुरू झालेलं, मरिना साउथच्या टोकाला. कोणती कंपनी कुठलं टर्मिनल वापरते हे बदलू शकतं, त्यामुळे गेल्या वर्षी मामा-मामी कुठे उतरले होते यावर विसंबू नका. तुमच्या स्वतःच्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघा आणि मगच नकाशा उघडा.

मरिना बे या नावाने बरेच जण फसतात. टर्मिनलच्या नावात मरिना बे आहे म्हणून माणसं मरिना बे सँड्सच्या आसपासचं महागडं हॉटेल घेतात, आणि जहाजातून उतरून पाच मिनिटांत चालत पोचू अशा समजुतीत राहतात. प्रत्यक्षात टर्मिनलच्या आजूबाजूला राहण्यासारखं फारसं काही नाही. बॅगा घेऊन टॅक्सी किंवा मेट्रोच धरावी लागते. मग तिथे जवळ राहण्याचा अट्टहास कशाला?

त्याऐवजी मेट्रोचा, म्हणजे एमआरटीचा, नकाशा समोर घ्या. हार्बरफ्रंटहून निघणारी जांभळी लाइन आऊटरम पार्क, चायनाटाउन, क्लार्क की, धोबी घाट, लिटल इंडिया, फॅरर पार्क अशी जाते. (हो, धोबी घाटच. मुंबईकराला एवढं स्टेशन तरी लक्षात राहतंच.) मरिना बे क्रूझ सेंटरपासून थोडं चाललं की मरिना साउथ पियर स्टेशन लागतं. तिथून लाल लाइन रॅफल्स प्लेस, सिटी हॉल, धोबी घाट, सॉमरसेट, ऑर्चर्ड अशी जाते. आपलं जहाज ज्या लाइनच्या टोकाला लागणार, त्याच लाइनवरचं, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांत चालत जाता येईल असं हॉटेल शोधायचं. गाडी बदलावी लागली नाही की अर्धी दगदग संपली. भाड्यासाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही. टॅप करून पैसे देता येणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर चालतं, फक्त प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं आणि तुमची बँक परदेशी व्यवहारावर काय आकारते ते आधी बघून ठेवावं.

चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीच बरी, पण साध्या टॅक्सीच्या डिकीत चार मोठ्या बॅगा मावत नाहीत. सहा-सात जणांची मोठी गाडी आदल्या दिवशीच ठरवा. जहाज रिकामं होतं तेव्हा हजारो माणसं एकदम बाहेर पडतात आणि टॅक्सीची रांग चांगलीच लांबते. लहान मुलं बरोबर असतील तर आणखी एक नियम: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट लागते. नेहमीच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही. चाइल्ड सीट न मागवता गाडी बोलावली तर चालक नकार देऊ शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सकाळी दहाला खोली मिळेल हे गृहीत धरणं

नाही मिळत. नशीब असेल तर मिळते, पण आई-वडील सोबत असताना नशिबावर बेत आखू नये.

बुकिंग झालं की हॉटेलला थेट ईमेल करा. आम्ही क्रूझवरून अमुक तारखेला सकाळी येतोय, लवकर खोली मिळेल का, नसेल तर बॅगा ठेवता येतील का, आणि लवकर खोलीचे जादा पैसे किती? उत्तर लेखी मिळालं की काउंटरवर वाद होत नाही. बॅगा ठेवून घ्यायला बहुतेक हॉटेलं तयार असतात. मुद्दा असतो माणसांना कुठे ठेवायचं हा. खाली दुकान, वर घर अशा जुन्या इमारतींत उभ्या केलेल्या छोट्या हॉटेलांची लॉबी म्हणजे दोन खुर्च्या आणि एक काउंटर. काही ठिकाणी लिफ्टही नसते. सत्तरीतली माणसं बरोबर असतील तर लॉबीचे आणि जिन्याचे फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका. अशा वेळी लवकर खोलीसाठी थोडे जास्त पैसे गेले तर जाऊ द्यावेत. तरुण जोडप्याने मात्र ते वाचवावेत आणि तेवढा वेळ गार्डन्स बाय द बेच्या वातानुकूलित काचघरांत काढावा.

जहाजावर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट टर्मिनलवर मिळतात. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि प्रत्येकाचे बदलायचे एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत हवेत. खोली तीनला मिळणार असेल तर ही छोटी बॅगच तुमचं दिवसभराचं घर असते. तीच मोठ्या बॅगेत कोंबून हॉटेलच्या सामानखोलीत गेली, की रक्तदाबाची गोळी शोधायला सगळं सामान उपसावं लागतं.

त्या दिवशी सकाळची वेळ ठरलेली तिकिटंही काढू नका. जहाज वेळेवर आलं तरी उतरायची पाळी डेकप्रमाणे लागते.

अरायव्हल कार्ड विसरणं

क्रूझ मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत येते तेव्हा सिंगापुरात तुमचा पुन्हा नव्याने प्रवेश होतो. म्हणजे भारतीय पासपोर्टवर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो आणि एसजी अरायव्हल कार्डही, म्हणजे प्रवेशाआधी ऑनलाइन भरायचा सरकारी फॉर्म, पुन्हा भरावं लागतं. हे कार्ड आगमनाच्या दिवसासह तीन दिवसांच्या आतच भरता येतं. तीन-चार रात्रींच्या क्रूझवर याचा अर्थ काय होतो? जहाजावर चढायच्या आधी ते भरता येत नाही. मधल्या बंदरात फोनला नेटवर्क मिळेल तेव्हा भरा, नाहीतर जहाजाचं महाग इंटरनेट घ्या.

त्यात राहण्याचा पत्ता विचारतात. म्हणून हॉटेलचं नाव, पूर्ण पत्ता आणि पोस्टल कोड फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण समुद्रात बुकिंगचा ईमेल उघडत नाही. कार्ड सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.

स्वस्त आकडा बघून बटण दाबणं

सिंगापुरात किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर नऊ टक्के जीएसटी अजून जोडायचा असतो. जीएसटी १ जानेवारी २०२४ पासून नऊ टक्के झाला. २०० डॉलरची खोली अशी जवळजवळ २४० ला पडते. दोन साइटवरच्या किमतींची तुलना करताना दोन्हीकडे कर धरलाय का ते बघा, नाहीतर स्वस्त दिसलं तेच महाग निघतं. परतताना चांगी विमानतळावर जीएसटी परत मिळतो असं कुणी सांगितलं असेल, तर ती सोय दुकानातून घेतलेल्या वस्तूंसाठी आहे. खोलीच्या भाड्यावरचा जीएसटी परत येत नाही.

दुसरं म्हणजे खिडकी. इथल्या बजेट हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकल्या जातात. ते लपवलेलं नसतं, खोलीच्या नावातच लिहिलेलं असतं, पण घाईत वाचलं जात नाही. एकट्या माणसाला झोपण्यापुरती अशी खोली चालून जाते. चार दिवस समुद्र बघून आलेल्या आजीला तिथे गुदमरल्यासारखं होईल.

तिसरं, माणसांचा हिशेब. दोन मोठे आणि दोन मुलं एका खोलीत बसवू, असं ठरवून लोक दोघांचंच बुकिंग करतात. खोल्या लहान असतात, जादा गादीला जागा नसते आणि चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात. मुलांची वयं बुकिंगमध्येच खरी भरा. चौघांची खोली मिळत नसेल तर आतून दरवाजा असलेल्या दोन खोल्या मागा. मात्र त्या देणं नक्की आहे की नुसती विनंती नोंदवली आहे, हे विचारून घ्या.

चौथं, गेलांग. शहराच्या मानाने स्वस्त आणि फोटोत नीटनेटकी हॉटेलं शोधताना हे नाव हमखास वर येतं. गेलांग हा सिंगापूरचा उघड रेड लाइट भाग आहे आणि तिथली काही हॉटेलं तासांवर खोल्या देतात. धोकादायक म्हणता येणार नाही, खाणं तर उत्तम मिळतं. पण सासू-सासरे आणि मुलीला घेऊन रात्री दहाला तिथून चालताना तुमचं तोंड बघण्यासारखं होईल. पत्त्यात गेलांग आणि पुढे लोरोंगचा, म्हणजे गल्लीचा, आकडा दिसला तर विचार करूनच पुढे जा.

तारखाही पाहा. मरिना बेच्या रस्त्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फॉर्म्युला वनची शर्यत होते, तेव्हा भाडी चढतात आणि त्या भागातले रस्ते बंद होतात. चिनी नववर्षाला बरीच दुकानं बंद असतात.

लिटल इंडियात राहावं की नाही

यावर घरात वाद होतात. "सिंगापूरला जाऊन इडली-डोसाच खायचा का?" हा प्रश्न तरुण मंडळींचा. मी ज्येष्ठांच्या बाजूने आहे. जहाजावरच्या बुफेनंतर शाकाहारी माणसाला साधा भात-सांबार हवासा वाटतो. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालणारं कोमला विलास आहे, आसपास आणखी बरीच शाकाहारी हॉटेलं आहेत, आणि जैन जेवण मागितलं तर समजावून सांगत बसावं लागत नाही. मुस्तफा सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते कोविडपूर्वी चोवीस तास उघडं असे, आता रात्री बंद होतं, तेव्हा जुने सल्ले वाचून पहाटे चारला खरेदीला जाऊ नका.

रविवारी संध्याकाळी मात्र कामगारांची सुट्टी असते आणि रस्ते भरून वाहतात. क्रूझ रविवारी परतत असेल आणि गर्दीचा त्रास होणारं कुणी सोबत असेल तर बुगिसकडचं हॉटेल बघा. तिथून जेवायला येणं अवघड नाही.

क्लार्क कीला नदीकाठचं हॉटेल छान दिसतं, पण खालचे बार रात्री उशिरापर्यंत वाजत राहतात. मुलं लवकर झोपत असतील तर नदीकडची खोली घेऊ नका. सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज हाच मुख्य बेत असेल आणि जहाज हार्बरफ्रंटला लागत असेल, तर तिथेच किंवा सेंटोसावर एक रात्र काढणं सोयीचं. विवोसिटीतूनच सेंटोसाची मोनोरेल सुटते.

विमानाच्या तारखेत गफलत

विमान १५ तारखेला रात्री बारा पस्तीसचं असेल तर हॉटेल १४ ला रात्रीच सोडायचं असतं. तरीही लोक १५ ची रात्र धरून बुकिंग करतात, किंवा १५ ला संध्याकाळी विमानतळावर पोचतात आणि तोवर विमान मुंबईत उतरलेलं असतं. मोफत रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेप्रमाणे चालते आणि सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, हेही ध्यानात असू द्या.

खोली बाराला सोडून रात्री निघायचं असेल तर बॅगा हॉटेलात ठेवा. शॉवरची सोय आहे का हे विचारा, इथल्या दमटपणात ती लागतेच. लिटल इंडियातून निळ्या डाउनटाउन लाइनने एक्स्पोपर्यंत जायचं आणि तिथून चांगी एकच स्टेशन. सिटी हॉल किंवा बुगिसहून हिरव्या लाइनने ताना मेरा, तिथे गाडी बदलून चांगी. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि मध्यरात्र ते सकाळी सहा टॅक्सीच्या मीटरवर निम्मं भाडं आणखी चढतं. म्हणून उशिराचं विमान असेल तर संध्याकाळीच चांगीला जा. विमानतळाला जोडलेला ज्युएल मॉल बघण्यात दोन तास सहज जातात आणि विमानतळावर पैसे देऊन बॅगा ठेवता येतात.

तरीही बिघडलंच तर

तीन वाजून गेले तरी खोली तयार नाही: किती वाजता मिळेल ते नावानिशी लिहून घ्या आणि तोवर वरच्या दर्जाची खोली रिकामी असेल तर ती मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

खोलीला वास येतोय किंवा सांगितली होती ती खोली नाही: बॅगा उघडण्याआधी फोटो काढा आणि लगेच खाली जा. एक रात्र झोपून सकाळी केलेल्या तक्रारीला काही वजन राहत नाही.

चार्जर बसत नाही: इथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे असतात. रिसेप्शनवर ॲडॉप्टर मागा, मुस्तफातही मिळतो.

अनामत रक्कम अडकली: चेक-इनला कार्डावर काही रक्कम रोखून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागू शकतात. फॉरेक्स कार्ड दिलं असेल तर तेवढे डॉलर उरलेल्या सहलीत वापरता येत नाहीत. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या, खर्चासाठी फॉरेक्स कार्ड मोकळं ठेवा, आणि निघताना अंतिम बिलाची प्रत ईमेलवर मागून घ्या.