विंडोज सर्व्हरवर सेव्ह केलेला पासवर्ड रीबूटनंतर गायब होतो, तेव्हा

नॅसवरच्या (नेटवर्कवरून फायली साठवणाऱ्या उपकरणावरच्या) शेअर्ड फोल्डरचा पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड साठवणाऱ्या सोयीत) सेव्ह केला, आठवडाभर बॅकअप नीट चालला, सर्व्हर रीबूट केला आणि पासवर्ड गेला. अशा वेळी पहिला मोह होतो तो पुन्हा पासवर्ड टाकण्याचा. तो आवरा. नवी नोंद झाली की जुनीचं काय झालं ते कळण्याची सोय राहत नाही.

आधी ज्या खात्यावर बॅकअपचं काम चालतं त्याच खात्याने लॉगिन होऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सीएमडीकी /लिस्ट' चालवा. नोंद दिसली, तर तिच्याखालची ओळ वाचा. 'लोकल मशीन पर्सिस्टन्स' असेल तर ती रीबूटनंतरही टिकते. 'सेव्हड फॉर धिस लॉगऑन ओन्ली' असेल तर लॉगऑफ होताच ती जाणारच. पासवर्ड विचारणाऱ्या खिडकीत 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक करायची राहून गेली की असं होतं.

नोंदच नसेल, तर बहुतेक वेळा पासवर्ड पुसला गेलेला नसतो, तो दुसऱ्याच्या कपाटात असतो. क्रेडेन्शियल मॅनेजर प्रत्येक युजरचा वेगळा. तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून सेव्ह केलंत आणि टास्क शेड्युलरमधलं (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनातलं) काम सिस्टम या विंडोजच्या स्वतःच्या खात्यावर किंवा बॅकअपच्या खात्यावर चालतं, तर त्या खात्याला ती नोंद दिसत नाही. सिस्टमचं कपाट पाहायचं तर मायक्रोसॉफ्टच्या पीएसएक्झेक या वेगळ्या साधनाने, 'पीएसएक्झेक -एस -आय सीएमडी' लिहून, खिडकी उघडून तिथे तीच यादी मागवा.

नाव जुळतं का, हेही पाहा. नोंद 'नॅस०१' या नावाने आहे आणि स्क्रिप्टमध्ये आयपी पत्ता किंवा डोमेनसकट पूर्ण नाव लिहिलंय, तर विंडोज ती नोंद वापरत नाही. मग पासवर्ड असूनही नसल्यासारखा.

आता खरा पुसला जाण्याचा प्रकार. डोमेनमधल्या (संस्थेच्या एकत्रित नियंत्रणाखालच्या) सर्व्हरवर सुरक्षा ऑडिट झालं असेल तर संशय थेट ग्रुप पॉलिसीवर, म्हणजे डोमेनमधून सर्व्हरना लागू होणाऱ्या सेटिंग्जवर, घ्या. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स या वाटेने गेलात की 'नेटवर्क अ‍ॅक्सेस: डू नॉट अलाऊ स्टोरेज ऑफ पासवर्ड्स अँड क्रेडेन्शियल्स फॉर नेटवर्क ऑथेंटिकेशन' सापडेल. सीआयएस या सुरक्षा संस्थेच्या निकषांत ही सेटिंग चालू ठेवायला सांगितलेली आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) तिचं नाव 'डिसेबलडोमेनक्रेड्स', किंमत १. गोम अशी की ती रीबूटनंतरच लागू होते. म्हणून पॉलिसी आली सोमवारी आणि पासवर्ड गेले रविवारच्या रीबूटला, असं घडतं आणि दोष रीबूटवर जातो. पासवर्ड साठवणारं टास्क सेव्ह करताना 'अ स्पेसिफाइड लॉगऑन सेशन डझ नॉट एक्झिस्ट' अशी चूक आली, तर जवळजवळ खात्रीने हीच सेटिंग.

रजिस्ट्रीत ० करून सुटका होत नाही. डोमेनची पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी (त्यात अर्ध्या तासापर्यंतची भर पडू शकते) तपासली जाते, आणि सुरक्षेच्या सेटिंग्ज, काही बदल नसला तरी, दर १६ तासांनी पुन्हा बसवल्या जातात. 'जीपीरिझल्ट /एच' ने अहवाल काढा, कोणत्या पॉलिसीतून ती येते ते पाहा आणि त्या सर्व्हरपुरता अपवाद डोमेनवाल्यांकडून करून घ्या.

पासवर्डसोबत डेस्कटॉपवरच्या फायलीही दिसेनाशा झाल्या असतील तर प्रकरण वेगळं आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १५११ हा इव्हेंट शोधा. तो सापडला तर विंडोजला मूळ प्रोफाइल (युजरच्या फायली आणि सेटिंग्जचा साठा) उघडता आलेली नाही, तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात, आणि इथे सेव्ह केलेलं सगळं लॉगऑफला फेकलं जाईल. प्रोफाइल दुरुस्त होईपर्यंत पासवर्ड टाकत बसू नका.

लोकल खात्याचा पासवर्ड दुसऱ्या अ‍ॅडमिनने रीसेट केला की जुन्या नोंदी उलगडत नाहीत. त्या नव्याने भराव्या लागतात. युजरने स्वतः जुना पासवर्ड देऊन बदलला, तर ही अडचण येत नाही.

कारण सापडल्यावर नोंद पुन्हा करताना 'सीएमडीकी /अ‍ॅड:नॅस०१ /युजर:नॅस०१\बॅकअप /पास' एवढंच लिहा. /पासपुढे काही लिहिलं नाही तर पासवर्ड वेगळा विचारला जातो, आणि तो स्क्रीनवर किंवा स्क्रिप्टमध्ये उघडा पडत नाही. पण शेअर त्याच डोमेनमध्ये असेल तर हा खटाटोपच टाळा: ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट (ज्याचा पासवर्ड डोमेनच सांभाळतं असं खातं) बनवून त्यालाच शेअरवर परवानगी द्या. सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे, आणि त्याचा पासवर्ड डोमेन दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं.