भूगर्भातील दाबावरून तेल आणि वायू कसे ओळखावेत

जमिनीखाली दोन हजार मीटरवर दाब किती आहे, एवढ्या एकाच आकड्यावरून तेथे तेल आहे की पाणी हे ठरत नाही. हा दाब खोलीनुसार किती वेगाने वाढतो आणि त्याच खोलीवर पाण्याचा दाब किती असायला हवा होता, हे दोन्ही पाहावे लागते. खडकाच्या एकमेकींना जोडलेल्या छिद्रांत साठलेल्या पदार्थाची घनता जितकी कमी, तितका त्याचा दाब दर मीटरला कमी वाढतो. गोड्या पाण्यात ही वाढ मीटरमागे 9.81 किलोपास्कल असते, खाऱ्या भूजलात साधारण 10.3 ते 10.5, तेलात बहुधा 7 ते 8.5 आणि वायूत बहुधा 1 ते 2.5. सारी पद्धत या फरकावर उभी आहे.

मोजणीसाठी विहिरीत फॉर्मेशन टेस्टर, म्हणजे खडकातील द्रवाचा दाब मोजणारे उपकरण, सोडतात. त्याची नळी खडकाच्या भिंतीला घट्ट टेकवून थोडासा द्रव ओढला की दाब घसरतो आणि मग हळूहळू पूर्ववत होतो. तो स्थिरावला की नोंद घ्यावी. घाईत घेतलेला आकडा पुढचे सगळे गणित बिघडवतो. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर विहिरीतील ड्रिलिंग मडचाही (खोदताना विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाचाही) दाब टिपावा. हे दोन आकडे जुळत नसतील किंवा मडचे सर्व बिंदू एका सरळ रेषेवर येत नसतील, तर आधी गेजवर (दाबमापकावर) शंका घ्यावी. खोली नेहमी उभी मोजावी. तिरक्या विहिरीत दोराची लांबी खोली म्हणून वापरण्याची चूक अनुभवी माणसेही करतात.

आता आडव्या अक्षावर दाब आणि उभ्या अक्षावर खाली वाढत जाणारी खोली घेऊन आलेख काढावा. समजा, एकाच वालुकाश्मात 2000 मीटरवर 20716 आणि 2020 मीटरवर 20864 किलोपास्कल दाब मिळाला. 20 मीटरमध्ये 148 ची वाढ झाली, म्हणजे मीटरमागे 7.4, याला 9.81 ने भागले की घनता सुमारे 0.75 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर येते आणि ती तेलाची आहे. त्याच थरात 2060 मीटरवर 21218 आणि 2080 मीटरवर 21424 मिळाला, तर वाढ 10.3 आहे, अर्थात पाणी. दोन्ही रेषा वाढवल्या की त्या 2040 मीटरवर छेदतात. जेथे तेलाचा आणि पाण्याचा दाब सारखा होतो, ती ही मुक्त पाणीपातळी होय. बारीक छिद्रांच्या खडकात केशाकर्षणामुळे पाणी तिच्याही वर चढलेले असते, त्यामुळे तेलाची प्रत्यक्ष सीमा काही मीटर उंचावर सापडू शकते.

विहीर पाण्यापर्यंत पोहोचलीच नसेल, तरी शेजारच्या विहिरीवरून पाण्याची रेषा माहीत असल्यास काम भागते. वरच्या उदाहरणात 2000 मीटरवर पाण्याचा दाब 20600 असता. तेलाचा त्याहून 116 ने जास्त आहे. दोन्ही प्रवणतांमधील (मीटरमागील दाबवाढींमधील) फरक 2.9 असल्याने 116 भागिले 2.9, म्हणजे पातळी आणखी 40 मीटर खाली आहे. मात्र दोन्ही विहिरी एकाच जोडलेल्या थरात आहेत आणि शेजारी उत्पादन सुरू होऊन दाब उतरलेला नाही, याची खात्री हवी. मध्ये शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाचा, बंद पडदा असेल, तर हा हिशेब निव्वळ अंदाज ठरतो.

येथे अचूकता किती नाजूक आहे पाहा. प्रत्येक मोजणीत 7 किलोपास्कलची चूक असू शकेल, तर दोन बिंदूंच्या फरकात ती 14 पर्यंत जाते. बिंदू 20 मीटर दूर असतील तर प्रवणतेत 0.7 ची चूक होते, जी चालण्याजोगी आहे. पण ते 3 मीटरवरच असतील तर 4.7 ची, म्हणजे तेल आणि पाणी यांमधील फरकाहूनही मोठी. म्हणून पातळ थरातील दोन बिंदूंवरून निष्कर्ष काढू नये. कमी पारगम्यतेच्या, म्हणजे द्रव सहज वाहू न देणाऱ्या, खडकात आणखी एक फसवणूक होते: मडमधून झिरपलेले पाणी लवकर निघून जात नाही, दाब खोटा वाढतो आणि आलेखावर तेलासारखा दिसतो. द्रव ओढताना ज्या बिंदूवर दाब फार घसरला, तो बाजूला ठेवावा.

भूजल स्थिर असल्यास तेल आणि पाणी यांमधील सीमा आडवी असते. ते वाहत असेल तर ती प्रवाहाच्या दिशेने खाली झुकते, हे अमेरिकी भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी 1953 मध्ये मांडले. हा कल काढण्यासाठी पाण्याच्या बिंदूंवरून जलशीर्ष, म्हणजे त्या दाबाने पाणी जितक्या उंचीपर्यंत चढेल ती उंची, काढावे: समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, दाब भागिले पाण्याची प्रवणता मिळवली की ते मिळते. अनेक विहिरींच्या आकड्यांवरून जलशीर्षाचा उतार कळतो, आणि त्याला पाण्याची घनता भागिले पाणी व तेल यांच्या घनतांमधील फरक, या गुणोत्तराने गुणावे. वरच्या आकड्यांत पाण्याची घनता 10.3 भागिले 9.81, म्हणजे 1.05, आणि तेलाची 0.75 आहे; म्हणून गुणोत्तर 1.05 भागिले 0.30, म्हणजे 3.5. जलशीर्ष किलोमीटरमागे 1 मीटर उतरत असेल, तर सीमा 3.5 मीटर झुकते. घुमटाच्या (वर फुगलेल्या खडकथराच्या) माथ्यावरील विहिरीत पाणी लागले, म्हणून तो घुमट सोडून देऊ नये; प्रवाहाच्या उताराकडील बाजू याच हिशेबाने तपासून मगच पुढील विहिरीची जागा ठरवावी.