घरी घडवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला स्प्रेने रंग कसा द्यावा आणि बाइंडिंगची कड स्वच्छ कशी राखावी

गडद बॉडीच्या कडेने फिरणारी क्रीम किंवा पांढरी बाइंडिंग, म्हणजे प्लास्टिकची अरुंद पट्टी, ही इलेक्ट्रिक गिटारची जुनी शोभा आहे. गिब्सनने १९५२ साली आणलेल्या सोनेरी लेस पॉलला ती होती आणि फेंडरने १९५९ साली टेलिकास्टरच्या कस्टम आवृत्तीलाही ती दिली. घरी गिटार रंगवताना मात्र हीच अरुंद पट्टी सर्वाधिक कस लावते. येथे नायट्रोसेल्युलोज लॅकरची, म्हणजे फर्निचर पॉलिश करणाऱ्यांच्या एनसी लॅकरची, पद्धत सांगितली आहे. त्याचा प्रत्येक नवा हात आधीच्या हातात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते.

प्रथम बॉडी १२०, १८० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावी. ओलसर फडक्याने पुसून उठलेले तंतू वाळल्यावर पुन्हा २२० ने काढावेत. महोगनीसारख्या उघड्या छिद्रांच्या लाकडाला ग्रेन फिलर, म्हणजे छिद्रे भरणारी लुकण, लागतो; मेपलला तो लागत नाही. सागवान तेलकट असल्याने त्यावर आधी मेणविरहित लाखेच्या पातळ पॉलिशचा हात द्यावा. बाइंडिंग अ‍ॅसिटोन किंवा थिनरने कधीही पुसू नये, कारण बाइंडिंगची सेल्युलॉइड आणि एबीएस ही दोन्ही प्लास्टिके त्यात विरघळतात. नेक बसण्याची खाच टेपने झाकून तिथे लाकडी पट्टी स्क्रूने घट्ट बसवावी. बॉडी धरायला आणि टांगायला तीच उपयोगी पडते.

यानंतर बाइंडिंगसकट सर्वत्र सँडिंग सीलरचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि ३२० ने हलके घासावे. सीलरचा थर मध्ये असला की रंग पट्टीत मुरत नाही व पुढे सहज खरवडता येतो. रंग निवडताना पिगमेंटचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचा, घ्यावा. विरघळणारा लाल रंग (डाय) पारदर्शक लॅकरमध्ये वर चढून पांढऱ्या पट्टीवर गुलाबी छटा आणू शकतो.

स्प्रे हवेशीर जागी, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावा. साधा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्कच वापरावा. १.३ किंवा १.४ मिलिमीटर नोझलची गन बॉडीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरावी, ट्रिगर बॉडीच्या बाहेर दाबावा व सोडावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. आधी कडा, मग सपाट भाग घ्यावेत. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात लॅकरवर पांढुरका धुरकटपणा येतो; त्यासाठी सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिळतो, पण काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवणे अधिक चांगले.

आता मुख्य काम. बाइंडिंगला आधीच टेप लावून रंग मारण्याचा मोह होतो, परंतु वळणांवर टेपखाली थिनर शिरतो आणि टेपच्या काठाला रंगाचा उंचवटा राहतो. बाइंडिंगवरही रंग बसू द्यावा व नंतर तो खरवडावा; गिब्सनच्या कारखान्यातली पद्धत हीच आहे. रंग रात्रभर वाळला की तो घट्ट होतो, तरी ठिसूळ झालेला नसतो. हीच वेळ साधावी. एकाच बाजूला धार असलेल्या ब्लेडला टेप असा गुंडाळावा की बाइंडिंगच्या रुंदीइतकीच धार उघडी राहील. टेपचा भाग रंगावरून सरकतो, धार केवळ पट्टीवर चालते. ब्लेड जवळजवळ उभे धरून आपल्याकडे ओढावे, एकदम खोल न जाता अनेक हलक्या फेऱ्यांत रंग काढावा. कटअवेच्या, म्हणजे नेकजवळ बॉडीला दिलेल्या खोलगट कापाच्या, आतल्या वळणात ब्लेडचा छोटा तुकडा चिमट्यात घट्ट धरून वापरावा. या टप्प्याला मनापासून वेळ द्यावा. गिटारची सारी ठेवण याच रेघेवर उठून दिसते. धार घसरून रंग उडाला तर बारीक ब्रशने तोच रंग भरावा. भुकटी कोरड्या ब्रशनेच झाडावी.

यावर पारदर्शक लॅकरचे आठ ते दहा हात, दिवसाला तीन, दोन हातांमध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवून द्यावेत. पहिले दोन अगदी विरळ असावेत, नाहीतर ओला थिनर कडेचा रंग ओढून पट्टीवर आणतो. खरवडल्याने रंग आणि बाइंडिंग यांच्यात आलेली पायरी या थरांनी भरून निघते.

तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवावी. थिनरचा वास पूर्ण गेला की १०००, १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, घासावे. कडांवर थर सर्वांत पातळ असतो, म्हणून तिथे पेपर जेमतेम टेकवावा. स्क्रूच्या भोकांत पाणी गेल्यास लाकूड फुगून लॅकरला तडे जातात. भोके आधी मेणाने बंद करावीत. शेवटी रबिंग कंपाउंड मऊ कापडाने फिरवून चकाकी आणावी आणि मगच पिकअप, ब्रिज व नेक बसवावेत.