गोठा तोट्यात जातो तो कुठे: या चुका टाळा

गोठा बंद पडतो त्या महिन्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: दूध आटलेलं, चारा संपलेला आणि कर्जाचा हप्ता दारात. तिन्हींचा अंदाज सहा महिने आधी बांधता येतो. तरी दर वेळी तोच घोळ होतो, कारण गणित सुरुवातीलाच चुकलेलं असतं.

शिखराचं दूध म्हणजे वर्षाचं दूध नव्हे

विकायला काढलेली गाय बहुधा व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांची असते, म्हणजे दूध शिखरावर असताना. ती २० लिटरची म्हणून दावणीला येते आणि कर्जाचा हिशेब २० गुणिले ३६५ असा मांडला जातो. प्रत्यक्षात शिखराच्या दुधाला २०० ने गुणा. ३०५ दिवसांच्या वेताचं (व्याल्यापासून दूध आटेपर्यंतच्या काळाचं) दूध साधारण तेवढंच निघतं. २० लिटरच्या गाईचं झालं ४,००० लिटर. दोन वेतांतलं अंतर ४०० दिवस असेल, तर वेताच्या शेवटी मिळणारं थोडं दूध धरूनही रोजची सरासरी १० ते ११ लिटरच पडते. प्रकल्प अहवालात याहून फार मोठा आकडा दिसला, तर त्या अहवालावर कर्ज काढू नका.

हे ४०० दिवसही आपोआप सांभाळले जात नाहीत. माज, म्हणजे गाय फळण्याची वेळ, साधारण २१ दिवसांनी येतो, टिकतो जेमतेम १२ ते १८ तास, आणि बऱ्याचदा रात्री दिसतो. एक माज हुकला की २१ दिवसांचं खाणं फुकट गेलं आणि पुढचं वेतही तेवढंच लांबलं. म्हणून पहाटे, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी अशी तीनदा, प्रत्येकी २० मिनिटं, हातात दुसरं काम न घेता जनावरं बघावीत. रेतन केलं (गाय भरवली) की कॅलेंडरवर १८ ते २४ वा दिवस गोल करून ठेवावा आणि दोन महिन्यांनी गाभण तपासणी करावीच. ‘उलटली नाही (पुन्हा माजावर आली नाही) म्हणजे गाभण आहे’ या भरवशावर चार-चार महिने रिकामी गाय पोसलेली दिसते, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

दहाच्या दहा गाई एकदम आणणं

नवशिक्याची घाई सगळ्यात महाग पडते ती इथे. कर्ज मंजूर झालं, शेड उभी राहिली, एका आठवड्यात दहा ताज्या व्यालेल्या गाई आल्या. पहिले चार महिने पैसा दिसतो, त्या जोरावर दूधयंत्र आणि कुट्टी यंत्रही येतं. गाई व्याल्यापासून ११० दिवसांच्या आसपास गाभण राहिल्या, तर अकराव्या महिन्यात जवळपास सगळ्या एकत्र आटवाव्या लागतात, म्हणजे पुढच्या विण्याआधी त्यांचं दूध बंद करावं लागतं. पुढचे दोन महिने डेअरीत कॅन जात नाही, पण खाणं, मजुरी आणि हप्ता चालूच राहतो.

इथे मालक पहिला हात घालतो खुराकाला. भाकड गाईला कशाला पेंड, असा विचार होतो. गाय रोड अवस्थेत विते, शिखराला २० ऐवजी १५ लिटरवर थांबते, माजावर उशिरा येते, आणि दुसरं वेत पहिल्याहून लांबतं. मग हप्ता भागवायला दोन गाई विकल्या जातात, त्याही चांगल्या, कारण पटकन गिऱ्हाईक त्यांनाच मिळतं. तिसऱ्या वर्षी गोठ्यात उरतात त्या कुणालाच नको असलेल्या गाई.

यावर उपाय धीराचा आहे. तीन-चार गाई आणा, चार महिन्यांनी पुढच्या तीन आणा. एकदमच आणायच्या असतील, तर काही ताज्या व्यालेल्या आणि काही पाच-सहा महिन्यांच्या गाभण घ्या. नीट बसलेल्या दहाच्या गोठ्यात कोणत्याही दिवशी आठ गाई दुधात असतात. तीन महिन्यांचं खाणं, औषध आणि हप्ता भागेल एवढं खेळतं भांडवल वेगळ्या खात्यात पडून राहिलं पाहिजे; यंत्र त्यानंतर.

दुष्काळात चारा चढतो तेव्हाच जनावर उतरतं

शेती आणि गोठा दोन्ही असले की जोखीम वाटली गेली, असं समजतात. दोन्ही एकाच पावसावर असतील तर काहीच वाटलं गेलेलं नाही. पीक गेलेल्या वर्षी चारा महाग होतो, आणि सगळेच विकायला निघाल्याने जनावराचा भाव पडतो. थांबणारा दोन्हीकडून मार खातो.

४०० किलोच्या दुभत्या गाईला रोज साधारण १२ किलो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा, लागतो. दहा गाईंना ९० दिवसांचे झाले १०.८ टन. निम्मा मुरघासातून (हवाबंद दाबून आंबवलेल्या ओल्या चाऱ्यातून) धरला तर सुमारे १८ टन मुरघास, म्हणजे नीट दाबून भरलेला १० मीटर लांब, २ मीटर रुंद, दीड मीटर खोल खड्डा. उरलेल्याला ६ टन सुका चारा. खुराकातून मिळणारा भाग यात धरलेला नाही, तो नासाडीपोटी सोडा. साठा ६० दिवसांवर आला आणि नवा चारा दिसत नसेल, तर रिकाम्या आणि म्हाताऱ्या गाई त्याच आठवड्यात काढा. जीव तुटतो, मान्य आहे. पण त्यांना ठेवून गाभण गाईंचं पोट मारणं जास्त क्रूर आहे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

घरचा चारा फुकट धरू नका. विकला असता तर जे आलं असतं, ती त्याची किंमत.

नवं जनावर तीन ते चार आठवडे वेगळं बांधा आणि ब्रुसेलोसिसची (गाभ टाकायला लावणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) तपासणी करून घ्या.

शेतमालाचा गेल्या वर्षीचा चढा भाव बघून पीक पेरू नका. तो सगळ्यांनीच बघितलेला असतो.

काढणीला भाव पडला, तर आतापर्यंतचा खर्च मधे आणू नका, तो गेलेला आहे. काढणी, भरणी आणि वाहतूक भागून काही उरत असेल तर माल काढा. नसेल तर जनावरांना सोडा किंवा रानातच गाडा.

विमा उतरवलेल्या गाईच्या कानातला बिल्ला पडला, तर त्याच दिवशी लेखी कळवून नवा मारून घ्या. गाय दगावली, तर कंपनीला कळवून शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका, आणि बिल्ला कानासकट जपून ठेवा.